तानपुऱ्याचा हेलकावा आणि साडेतीन महिने

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाहून आलं की दोन-तीन दिवस कान वेगळेच असतात. डिसेंबरात मुकुंदनगरच्या मैदानावर तीन सत्रं ऐकली आणि त्या आठवड्यातच एका रात्री, घरातले झोपल्यावर, हेडफोन लावून लॅपटॉपवर एक जुनी मैफल सुरू केली. गळा ठीक वाटला, तबलाही ठीक. तानपुरा मात्र पत्र्याच्या पिंपात ठेवल्यासारखा. वर त्याला एक मंद हेलकावा, दर दोनेक सेकंदांनी फुगून ओसरणारा. मैदानावर भोंग्यांतून इतका गोड ऐकलेला तानपुरा माझ्या घरात असा का, हा प्रश्न डोक्यात बसला तो बसलाच.

हेडफोन वाईट नव्हता. दिवाळीच्या सेलमध्ये १६ हजारांना सेनहायझरचा एचडी ५६०एस घेतला होता. सहकारी बँकेत हिशेब तपासणाऱ्या बाईच्या दृष्टीने ही रक्कम म्हणजे घरात आठवडाभर न सांगण्याइतकी. अँप्लिफायर ऑफिसातल्या एका निवृत्त सहकाऱ्यांनी दिलेला, जुना पण धडधाकट. म्हणजे दोष असेल तर या दोघांच्या अलीकडे, जिथून आवाज येतो तिथे. पुढचे साडेतीन महिने मी त्या 'अलीकडे'मध्ये घालवले. काही पैसे वाया गेले, काही कामाला आले. मी सुरुवात केली तेव्हा मराठीत असं सलग लिहिलेलं काही हाती लागलं नाही, म्हणून घडलं त्या क्रमाने लिहिते.

४ जानेवारीला, शनिवारी, तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, गेले. आवाज सुधारायचा म्हणजे वस्तू विकत घ्यायची, एवढीच तेव्हा अक्कल होती. पहिल्या दुकानात "मॅडम, मुलासाठी गेमिंगचा पाहिजे का?" असं स्वागत झालं. दुसऱ्या दुकानातल्या मुलाने मात्र शांतपणे ऐकून घेतलं आणि "यूएसबी केबल बदला, जमीन-अस्मानाचा फरक पडेल" असं सांगून सोन्याचा मुलामा दिलेली, साडीच्या काठासारखी विणलेली केबल दाखवली. २,४०० रुपये. घेतली. घरी येऊन लावली, डोळे मिटून ऐकलं आणि दोन दिवस स्वतःला पटवत राहिले की काहीतरी उजळलंय. तिसऱ्या दिवशी प्रिंटरची जुनी केबल लावून पाहिली. तसंच. यूएसबीतून आकडे जातात. ते नीट पोचतात, नाहीतर टिकटिक करत तुटतात, मधल्यामध्ये गोड वगैरे होत नाहीत. ती केबल आता प्रिंटरला आहे. पुण्यातला सर्वात श्रीमंत प्रिंटर असेल.

केबलचा हिशेब ऐकून माझी मुलगी, सई, हसली आणि म्हणाली, "आई, तू आधी फाइल कुठली वाजवतेयस ते तरी बघ." ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि मला शिकवायची संधी सहसा सोडत नाही. तिने स्पेक नावाचा एक छोटा फुकट प्रोग्रॅम उतरवला. त्यात गाण्याची फाइल टाकली की वेळ आडवी, कंपनसंख्या उभी असं रंगीत चित्र दिसतं. माझ्या मैफलीचं चित्र १६ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखं संपत होतं. त्याच्यावर सगळा काळोख. १२८ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिटच्या, एमपी-थ्रीची ही नेहमीची खूण आहे. भाच्याने २०११च्या सुमाराला बाबांच्या सीड्या 'कॉम्प्युटरवर घेऊन' दिल्या होत्या, तेव्हा जागा वाचवण्यासाठी त्याने हाच दर निवडला असणार. सीडीतून सेकंदाला १,४११ किलोबिट येतात, त्यातले १२८ ठेवायचे म्हणजे अकरा भागांतला एक भाग. एमपी-थ्री टाकून देताना हुशारीने टाकतो, कानाला सहसा कळणार नाही ते आधी टाकतो. पण इतकं कमी ठेवायचं म्हटल्यावर तानपुऱ्याच्या जवारीतली, म्हणजे तारांच्या झणझणाटातली, बारीक वरची झिलई आणि तबल्याच्या कडेवर वाजणाऱ्या चाटीची धार या गोष्टींवर गदा येते. चाटीच्या आधीच एक फुसकारा ऐकू येतो. एकदा कळला की कान तिकडेच जातो.

माझ्याकडे 'फ्लॅक' नावाच्याही काही फाइली होत्या, एका परिचितांनी पेन ड्राइव्हवर दिलेल्या. फ्लॅक म्हणजे न गाळता केलेली घडी: उलगडली की मूळ आकडे जसेच्या तसे मिळतात. त्या फाइली स्पेकमध्ये टाकल्या तर त्यांतल्या निम्म्या १६ किलोहर्ट्झवरच कापलेल्या! कोणीतरी एमपी-थ्रीचीच फ्लॅक केली होती. पाणी घातलेलं दूध नव्या पिशवीत भरलं, इतकंच. तेव्हापासून बाहेरून आलेली कुठलीही फाइल आधी स्पेकमध्ये जाते. (जुन्या कॅसेटवरून आलेलं ध्वनिमुद्रण असेल तर वरचा भाग मुळातच कमी असतो, पण तो हळूहळू विरतो, असा सरळ कापलेला दिसत नाही.)

मग बाबांच्या मूळ सीड्या. आमच्याकडे २१४ सीड्या आहेत. बऱ्याच कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाऊसमधून आणलेल्या, काही मैफलींच्या बाहेरच्या टेबलांवरून, आणि बाविसेक घरगुती, म्हणजे कोणाच्या तरी कॅसेटवरून कोणीतरी करून दिलेल्या. बाबा ७९ वर्षांचे आहेत, आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. सीड्या मागायला गेले तर म्हणाले, "ने. पण क्रम लावलेला आहे, तो मोडू नकोस." क्रम कशाचा ते विचारलं तर "ज्या क्रमाने घेतल्या तो."

लॅपटॉपला सीडीचं खण नाही, म्हणून बाहेरून लावायचा डीव्हीडी ड्राइव्ह आणला, १,६५० रुपये. पहिल्या संध्याकाळी मी सीडी उघडून त्यातल्या फाइली सरळ ओढून फोल्डरमध्ये टाकल्या. सहा सीड्या दहा मिनिटांत झाल्या. इतकं सोपं असतं तर लोक तक्रार का करतात, असं वाटलं. मग पाहिलं तर प्रत्येक फाइल ४४ बाइटची. किलोबाइट नव्हे, बाइट. विंडोज सीडीवरच्या गाण्यांच्या जागी दाखवतं त्या फाइली नुसत्या पाट्या असतात, गाणं त्यांत नसतं. सईला हे सांगितलं नाही. आता वाचेल.

गाणं खरोखर उतरवायला एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी वापरलं. फुकट आहे, बसवायला एक संध्याकाळ जाते. संगीताच्या सीडीत चुका दुरुस्त करायची सोय डेटाच्या सीडीपेक्षा कमी असते, आणि ओरखडा आला की साधा प्लेअर मधली जागा अंदाजाने भरून पुढे जातो. ऐकताना ते चालतं, कायमची प्रत करताना नाही. हा प्रोग्रॅम शंका आली की तोच तुकडा पुनःपुन्हा वाचतो. शिवाय अॅक्युरेटरिप नावाची एक सामाईक यादी आहे: जगभरच्या लोकांनी तीच सीडी उतरवली असेल तर त्यांचा आणि तुमचा तपासणी-आकडा जुळतो का ते ती सांगते. बँकेत बाहेरच्या शाखेशी ताळमेळ लावतो तसं. मजा अशी की आमच्या २१४पैकी ६१च सीड्या त्या यादीत निघाल्या. मराठी नाट्यपदांच्या आणि छोट्या कंपन्यांच्या सीड्या कोण परदेशात उतरवणार? अशा वेळी 'टेस्ट अँड कॉपी' निवडायचं. प्रोग्रॅम तीच सीडी दोनदा वाचतो, आणि दोन्ही वेळचे आकडे जुळले तर प्रत बरोबर समजायची. वेळ दुप्पट लागतो, झोप शांत लागते.

चांगल्या सीडीला दहा-बारा मिनिटं. ओरखडे असलेल्या एका सीडीला तीन तास दहा मिनिटं, आणि शेवटचं पद तरीही अर्धवट. पुसायची असेल तर मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसायची, गोल नाही. गोल पुसताना पडलेला ओरखडा माहितीच्या रेषेबरोबर धावतो आणि सलग मजकूर खातो. घरगुती सीड्यांपैकी पाच तर वाचल्याच गेल्या नाहीत. घरी जाळलेल्या सीड्यांचा रंग उडतो, थर मरतो. छापील सीडीपेक्षा त्या लवकर जातात. ज्यांच्याकडे बारशाच्या, मुंजीच्या, आजीच्या आवाजाच्या अशा सीड्या असतील त्यांनी बाकी सगळं सोडून त्या आधी उतरवाव्यात. मी क्रम मोडू नये म्हणून १ नंबरपासून सुरुवात केली, त्यात या मागे राहिल्या.

खरा वेळ खाल्ला नावांनी. सिनेमाच्या गाण्यांची नावं आपोआप येतात. आमच्या सीड्यांना एकतर काहीच यायचं नाही, किंवा 'ट्रॅक ०१' यायचं, किंवा कोणीतरी रागाच्या जागी गायकाचं नाव भरलेलं असायचं. मी ठरवलं की राग, ताल, बंदिशीचा मुखडा, तबला, हार्मोनियम, ठिकाण, साल एवढं भरायचं. २० जानेवारीपासून रोज रात्री साडेआठ ते साडेनऊ मी लॅपटॉप घेऊन तळमजल्यावर जायचे. बाबा सांगायचे, मी टाइप करायचे. वेष्टनावर नसलेलं बरंच त्यांना आठवत होतं. "हार्मोनियमवाल्याचं नाव छापलं नाहीये, पण हा हात ओळखू येतो," म्हणून ते नाव सांगायचे. मी विचारलं, "खात्री आहे का बाबा?" तर म्हणाले, "नसती तर बोललो असतो का?" मी तिथे कंसात प्रश्नचिन्ह टाकायचे. ते त्यांच्या लक्षात आलं आणि दोन दिवस काम बंद पडलं. प्रश्नचिन्हं काढल्यावर पुन्हा सुरू झालं. आता ती वेगळ्या रकान्यात आहेत.

एक सूचना: नावं देवनागरीत भरायची की रोमनमध्ये ते पहिल्याच दिवशी ठरवा. मी चाळीस सीड्यांनंतर देवनागरीवर आले आणि मागचं सगळं पुन्हा केलं. सगळं मिळून साधारण ६८ जीबी झालं. दोन प्रती ठेवल्या. एक टेराबाइटची डिस्क ४,६०० रुपये, दुसरी घरातली जुनी. एक प्रत बाबांकडे असते, म्हणजे पाणी वर शिरलं तरी एक वाचेल. आणि तळमजल्यावर शिरलं तरी.

ती मैफल, म्हणजे हेलकाव्याची, ७३ नंबरच्या घरगुती सीडीवर होती. बाबांच्या एका मित्राच्या दिवाणखान्यात झालेली, तेव्हा कॅसेटवर घेतलेली, नंतर सीडीवर आलेली. सुदैवाने ती वाचली गेली. २ फेब्रुवारीला रात्री ऐकली. पिंप गेलं होतं. चाट सुटी ऐकू येत होती, खोलीत कोणीतरी पितळी भांडं खाली ठेवल्याचा आवाजही आला. हेलकावा मात्र होता तिथेच. उलट आता तो स्वच्छ ऐकू येत होता.

इथे मी पुन्हा वस्तूंकडे वळले. वाचत गेले तसा 'जिटर' हा शब्द भेटला: आकड्यांचा लहरीत बदल करताना घड्याळ किंचित मागेपुढे झालं तर सूर थरथरतो, अशी ती भीती. हेलकावा म्हणजे तोच, अशी माझी खात्री झाली. (नव्हता. आजच्या साध्या यंत्रातलाही जिटर कानाला कळण्याच्या खूप खालचा असतो, आणि दोन सेकंदांचा झोका तर त्याच्यामुळे येणं शक्यच नाही. पण हे मला पैसे दिल्यानंतर कळलं.) आकड्यांपासून आवाज घडवणाऱ्या डबीला डॅक म्हणतात. ती प्रत्येक फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये असतेच. वेगळी घेतली तर गोंगाट कमी असतो एवढंच. ऑनलाइन मागवला, ९,८०० रुपये. ७ फेब्रुवारीला आला. दुकानाची अट अशी की पेटी उघडतानाचा सलग व्हिडिओ नसेल तर परत घेणार नाही. मी पेटी उघडली आणि मग अट वाचली.

डॅक लॅपटॉपला, डॅकमागे अँप्लिफायर, त्याला हेडफोन. सुरू केलं आणि कानात 'झ्झ्झ' असा सततचा आवाज. लॅपटॉप आधी थेट अँप्लिफायरला लावायचे तेव्हाही तो बारीक होता, मी त्याला कॅसेटचा समजत होते. आता लपायला जागाच उरली नव्हती.

सईने सांगितलेली युक्ती लक्षात ठेवा, पैसे पडत नाहीत: लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून काढा. काढला. शांतता. लावला, झ्झ्झ. म्हणजे डॅक निर्दोष, वीज दोषी. लॅपटॉपच्या चार्जरमधून थोडीशी वीज नेहमीच बाहेरच्या धातूकडे झिरपते. तीन पिनांतली जाडी पिन तिला जमिनीत नेते. जमीनच नसेल तर ती दुसरी वाट शोधते: यूएसबीतून डॅकमध्ये, तिथून तारेच्या जाळीतून अँप्लिफायरमध्ये, आणि तिथे ऐकू येते. आमच्या लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आम्ही त्याला लॅपटॉपचा स्वभाव समजत होतो.

नेहमीच्या वायरमनना बोलावलं. ते ९ तारखेला आले, मीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३४ व्होल्ट, फेज आणि अर्थमध्ये ११०च्या आसपास आणि तोही तरंगणारा. "ताई, तुमच्याकडे अर्थिंगच नाहीये." बोर्डातली तार ठीक होती, म्हणजे दोष खाली मीटरच्या खोलीत. मीटरच्या खोलीची किल्ली सोसायटीकडे. आणि सोसायटीकडे जायचं म्हणजे अर्ज.

अर्ज १० फेब्रुवारीला दिला, दोन प्रतींत, एकीवर पोच घेऊन. हे नक्की करा. आमच्याकडे पोच नसलेला अर्ज आलेलाच नसतो. सेक्रेटरीकाकांनी वाचून चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे गाणं नीट ऐकू येत नाही म्हणून मीटर रूम उघडायची?" मी म्हटलं, "काका, गाण्याचं सोडा, गीझरचं बोला. गीझरला अर्थिंग नाहीये." त्यांचा चेहरा बदलला, पण नियम बदलला नाही: विषय कमिटीच्या सभेत येणार. सभा १६ तारखेला, रविवारी. तोपर्यंत आठवडाभर आम्ही गीझर लावून पाणी बादलीत काढायचो, गीझर बंद करायचो आणि मगच आंघोळीला जायचो. मी घरात सगळ्यांना हेडफोनचं वेड लावलंय असं ज्यांना वाटत होतं त्यांचंही तोंड त्या आठवड्यात बंद झालं.

सभेत अर्धा तास एवढ्यावर गेला की खर्च कोणाचा. ठरलं ते असं: जमिनीपासून मीटरच्या खोलीतल्या अर्थिंगच्या पट्टीपर्यंत सोसायटीचा, तिथून घरापर्यंत ज्याचा त्याचा. काम परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराकडूनच, आणि मीटरच्या सीलला कोणीही हात लावायचा नाही, ते महावितरणचं. दोन्ही अटी रास्त आहेत. कंत्राटदाराची तारीख मिळाली २ मार्च.

२ मार्चला खोली उघडली. लोखंडी पट्टीचा बोल्ट गंजून गळून पडला होता आणि आमच्यासह तीन घरांच्या हिरव्या तारा हवेत लोंबत होत्या. किती वर्षं, कोण जाणे. बाहेर पार्किंगच्या कोपऱ्यातला अर्थिंगचा खड्डा फरशीखाली गेलेला. फरशी उचलली तर आत ठणठणीत कोरडं. चार बादल्या पाणी ओतलं तेव्हा जमिनीने ते तहानलेल्या बैलासारखं प्यायलं. पट्टी घासून नवा बोल्ट, नवे लग, आमची नवी तार. आमच्या वाट्याला मजुरी १,८५० आणि सामान ६४०, बिलासकट. मीटर पुन्हा लावला: फेज-अर्थ २३३. लॅपटॉपला हात लावला, झिणझिण्या नाहीत. हेडफोन लावला. अँप्लिफायरचं बटण मी कधी नेत नाही इतकं वर नेलं तेव्हा कुठे बारीकशी कुजबुज.

इंटरनेटवर काही जण सांगतात की असा आवाज घालवायला चार्जरची जाडी पिन तोडून टाका. कुठे कुठे आवाज जाईलही, पण विजेची जमिनीत जायची वाटही जाईल. तो आवाज म्हणजे तुमच्या घरात काय नाही ते सांगणारा निरोप्या आहे, त्याला मारू नका.

बाकीचं पटकन सांगते. विंडोज आपल्या मर्जीने सगळे आवाज एकाच साच्यात ओततं. माझ्याकडे साचा ४८ किलोहर्ट्झचा होता आणि सीडी ४४.१ची, म्हणजे प्रत्येक गाण्याचे आकडे वाटेत नव्याने मोजले जात होते. हा दोष ऐकू येण्याइतका मोठा नसतो, पण फुकटात जातो. फूबार २००० या गाणी वाजवायच्या प्रोग्रॅममध्ये आउटपुटला 'वासापी एक्सक्लुझिव्ह' निवडलं की गाणं मधल्या कोणाला न भेटता थेट डॅककडे जातं. डॅकवरचा दिवा रंग बदलतो, त्यावरून कळतं. मोठा फायदा वेगळाच: भैरवीच्या मध्ये व्हॉट्सॲपची टिंग येत नाही. सेटिंग्जमधल्या 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करा, लॅपटॉपमधला कुठलाही 'थिएटर', 'सराउंड' बंद करा. आवाज कमी-जास्त अँप्लिफायरवरच करा. फोनवरून ऐकत असाल तर ॲपच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटासाठी अनेकदा कमी दर्जा आपोआप निवडलेला असतो, तो एकदा बघा. आणि ब्लूटूथवर लॉसलेसचे, म्हणजे न गाळलेल्या गाण्यांचे, पैसे भरू नका. ब्लूटूथ पाठवताना गाणं सहसा पुन्हा गाळतंच.

२२ मार्चला सईने परीक्षा घेतली. फूबारला एबीएक्सची जोड मिळते: अ आणि ब ऐकायचं, मग क्ष कोणता ते ओळखायचं, १६ वेळा. नुसत्या अंदाजाने १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता चार टक्क्यांच्या आत, म्हणून १२ हा उंबरठा धरला. सीडीची फ्लॅक विरुद्ध त्याच सीडीची १२८ची एमपी-थ्री: १४. मान ताठ झाली. फ्लॅक विरुद्ध ३२०ची एमपी-थ्री: ८. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच. मग तिने ॲपलचं, यूएसबीला हेडफोन जोडायचं, स्वस्तातलं शेपटीसारखं अॅडॉप्टर आणलं, त्यातही डॅक असतो. ते आणि माझा ९,८००चा डॅक एकाच अँप्लिफायरच्या दोन वाटांना जोडले, आणि मीटर लावून दोन्हींचा आवाज सारखा केला. हे महत्त्वाचं: किंचित मोठं वाजणारं नेहमी चांगलं वाटतं, दुकानदारांना ते माहीत असतं. मी तिच्याकडे पाठ करून बसले, ती बटण फिरवत होती. १६ पैकी ९.

"म्हणजे डॅक परत करायचा?" सईने विचारलं. परतीची मुदत महिन्यापूर्वीच संपली होती, व्हिडिओ तर नव्हताच. शिवाय त्याचं गोल बटण हाताला छान लागतं. राहू दे म्हटलं.

हेलकावा अजून होताच. फाइल झाली, वीज झाली, विंडोज झालं, डॅक झाला. सई म्हणाली, कॅसेटचा असणार, टेप ओढणारी मोटर जुनी झाली की असं होतं. मलाही पटलं. त्या फाइलच्या शेऱ्यात मी 'कॅसेटचा दोष' असं लिहूनसुद्धा टाकलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी बाबा वर आले होते. हेडफोनला ते 'कानटोपी' म्हणतात आणि तोपर्यंत त्यांनी एकदाही लावला नव्हता; कामाच्या वेळी आम्ही लॅपटॉपच्या भोंग्यावरच ऐकायचो, त्यात तानपुरा कसला ऐकू येतोय. त्या दिवशी मी जवळजवळ बळजबरीने लावला आणि ७३ नंबर सुरू केला. त्यांनी डोळे मिटले. पितळी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला तेव्हा किंचित हसले. चार-पाच मिनिटं गेली. मी न राहवून एका कानाची बाजू उचलून म्हटलं, "बाबा, तानपुरा हलतोय ना, तो कॅसेटचा दोष आहे."

"कॅसेटचा कसा असेल?" ते म्हणाले. "कॅसेट हलली तर गळाही हलेल. गळा बघ कसा उभा आहे. तानपुऱ्यातल्या एकाच सुराच्या जोडीतली एक तार उतरलीय. तानपुऱ्यावरच्या बाळूला तेव्हाच खूण केली होती मी, तो माझ्याकडे बघेचना."

आणि हेडफोन पुन्हा नीट बसवून त्यांनी मला हाताने बाजूला व्हायची खूण केली.